तिसऱ्या शिफ्टची तारीख

रहाटणीच्या त्या गल्लीत सकाळी आठला सगळी माणसं डबे घेऊन जिने उतरायची आणि बिरू कोळेकर तेवढा जिना चढायचा. मग कुणीतरी म्हणायचंच, "काय बिरूभाऊ, गुड मॉर्निंग." आणि बिरू म्हणायचा, "गुड नाईट." हा विनोद इतकी वर्षं चालला होता की त्यात विनोद असा उरलाच नव्हता, पण एखाद्या दिवशी कुणी म्हटलं नाही तर बिरूला जेवण गोड लागायचं नाही.

जेवण म्हणजे सव्वाआठला भाकरी, आमटी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. समोरच्या गॅलरीत लोक तोंडात ब्रश घेऊन उभे असताना बिरू इकडून खणखणीत ढेकर द्यायचा. मग खिडकीला चादर लावून झोपायचा आणि दुपारी तीनला उठून चहा पिताना अनिताला विचारायचा, "काल काय म्हणत होतीस गं?" अनिताच्या लेखी ते आजच सकाळी झालेलं असायचं. सुरुवातीला ती दुरुस्त करायची. नंतर तिनं सोडून दिलं. नवऱ्याशी भांडता येतं, शिफ्टशी कोण भांडणार?

चाकणला त्याची पत्रा दाबायची कंपनी. एका बाजूनं सपाट पत्रा आत जातो, वरून दोन मजली प्रेस खाली येतो, ठॅक, आणि दुसऱ्या बाजूनं गाडीचा दरवाजा बाहेर पडतो. जत तालुक्यातून आला तेव्हा बिरूचा विचार होता, वर्षभर करू, मग गावाकडं जाऊन मेंढरं बघू. मेंढरं भावानं बघितली. दीपमाला शाळेत जायला लागली तेव्हा तिला सोडायला-आणायला दिवसा माणूस पाहिजे होता, आणि अनिता तर पहाटेपासून लोकांचे डबे करण्यात बुडालेली. म्हणून बिरूनं तिसरी शिफ्ट मागून घेतली. कायमची. सुपरवायझर तीन भाषा एकाच घासात चघळणारा, तो म्हणाला, "बिरू, यार, तू परमनंट थर्ड करेगा? मग तर मॅटरच सॉल्व्ह ना बाबा." ज्यांना ज्यांना रात्री आपल्या अंथरुणात झोपायचं होतं, त्या सगळ्यांचा बिरू त्या दिवसापासून देव झाला.

त्या शिफ्टनं बिरूला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे गुडघा. कुठंही बसला की उजवा गुडघा प्रेसच्या तालात वर-खाली सुरू व्हायचा. एस्टीत शेजारच्या बाया पिशवी मांडीवर ओढून घ्यायच्या. दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. बाहेरच्या जगात तारीख रात्री बाराला बदलते, कंपनीत सकाळी सातला. रात्री अकराला आत गेलेला माणूस सातला बाहेर येईपर्यंत त्याच तारखेत असतो. हजेरी तीच, फळ्यावर तीच, निघालेल्या दरवाजांवर शिक्का तोच. बिरूच्या डोक्यात ही तारीख इतकी मुरली की तीच खरी झाली. एकदा त्यानं दीपमालाला रविवारी शाळेत नेलं होतं. पोरगी रस्ताभर सांगत होती, "पप्पा, आज रविवार आहे," आणि हा म्हणत होता, "शाळा बुडवायची सोंगं नकोत." त्याचा शनिवार अजून संपायचा होता.

तीच दीपमाला शिकली, इंजिनिअर झाली, अजिंक्यशी लग्न करून जर्मनीत फ्रँकफुर्टला गेली, आणि आता तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही घरची रीत. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला नाही म्हटलं. चौदा मेला दवाखान्यात भरती व्हायचं, असं सांगितलं. दीपमाला फोनवर सगळं हसत हसत सांगायची आणि शेवटी आवाज बारीक करून म्हणायची, "आई, तू त्याच्या आधी ये फक्त. तू असलीस की मी नाही घाबरणार."

म्हणून माहेरच विमानात बसून निघालं. घरमालकीण सरुबाई रहाटणीची मूळची, एके काळी स्वतःच्या रानात कांदा काढायची, आता स्वतःच्या बिल्डिंगखाली कांदा-बटाट्याची वखार चालवायची. ती म्हणाली, "माहेर इमानानं चाललंय व्हय? बरं हाय की. माझं माहेर चऱ्होली. बैलगाडीत बसवलं आन् भोसरीतच कळा सुरू. गाडी माघारी फिरवायची का फुडं न्यायची, यावर दोगं भाऊ भांडत बसले."

बिरूला मात्र त्या दिवसापासून चैन पडेना. तो भेटेल त्याला विचारायचा, "फ्रँकफुर्ट किती लांब असंल?" खालच्या मजल्यावरचा सुजित आयटीवाल्यांना गाडीनं माणच्या आयटी पार्कात नेऊन सोडायचा. त्यानं फोनमध्ये बघून सांगितलं, "काका, मुंबईपासून साडेसहा हजार किलोमीटर. टेन्शन नका घेऊ, नऊ तासांत टच."

नऊ तास. बिरूनं हिशेब केला. रहाटणीतून जतला जायचं म्हणजे शिवाजीनगरला जाऊन एस्टी धरायची, आणि दाराला दार धरून तेवढेच तास लागतात.

"म्हणजे पोरगी जतला दिल्यासारखीच की," तो अनिताला म्हणाला.

"जतला जाताना शिरवळला उतरून चहा तरी घेता येतो," अनिता म्हणाली.

पहिल्या शिफ्टचा ज्योतीराम हा बिरूचा जुना जोडीदार. सकाळी सातला एक आत जाताना आणि एक बाहेर येताना दोघांचा टपरीवर एकत्र चहा व्हायचा. त्याचं मत वेगळं पडलं. "राव, जर्मनी सोपी हाय. वर काय सिग्नल हाय का, टँकर उलटतोय का? त्या विमानाला म्हणावं, सकाळी नऊला तळेगाव-चाकण रस्त्यानं येऊन दाखव."

तिकीट दीपमालानंच काढून पाठवलं. त्यावर लिहिलं होतं, बारा मे, शून्य वाजून पंचेचाळीस मिनिटं. बिरूनं वाचलं आणि जाहीर केलं, "बारा तारखेची रात्र, पाऊण वाजता." त्याप्रमाणे बारा तारखेच्या तिसऱ्या शिफ्टची रजा टाकली. सुजितला सांगितलं, बाराला संध्याकाळी मुंबई. सरुबाईनं बाराला दुपारी पुरण घालायचं ठरवलं. कुणीच पुन्हा विचारलं नाही. रात्रीच्या बाबतीत बिरूवर शंका कोण घेणार? इतकी वर्षं रात्र त्याच्याच ताब्यात होती.

अकरा तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमाराला अनिताची बॅग सरुबाईच्या वखारीत काट्यावर चढली. तेवीस किलोची मुभा होती आणि काटा सव्वीस दाखवत होता.

"काटा बरोबर हाय का, सरुबाई?" बिरूनं विचारलं.

"कांद्याला बरोबर हाय. तुझ्या बॅगंला खोटं बोलंल व्हय?"

बॅग तिथंच पोत्यावर उघडली. डिंकाचे लाडू, अळीव, खारकेची पूड, बाळंतशोपा, लोणच्याची बरणी, तिला सात पिशव्यांचं पांघरूण. बिरू एकेक वस्तू काढून काट्यावर ठेवायचा, आकडा बघायचा, परत उचलायचा. "लोणचं राहू द्या," तो म्हणाला.

"लोणच्यासाठी तर जातेय," अनिता म्हणाली. "ते घोंगडं काढा."

घोंगड्याला बिरूचा हात अडला. जतहून भावानं मुद्दाम करून पाठवलेलं, काळंभोर, लहानसं. कोळेकरांच्या घरात पोर जन्मलं की पहिल्यांदा घोंगड्यावरच घ्यायचे. अनितानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, घोंगडं उचललं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं. "हे मी अंगावर नेते. अंगावरचं कोण मोजतंय?"

"मे महिन्यात?" सरुबाई म्हणाली.

"विमानात गारठा असतोय म्हणं."

तेवढ्यात दीपमालाचा व्हिडिओ कॉल आला. बिरूनं फोन बटाट्याच्या पोत्याला टेकवला. "बघ, तुझ्या आईला मेंढपाळ करून पाठवतोय."

दीपमाला हसली. "आई, भरलं का सगळं? उद्या सकाळचा चहा आपण इथं घ्यायचा. अजिंक्य तुला घ्यायला पहाटेच निघणार आहे."

"उद्या न्हवं, बाय," बिरू म्हणाला. "परवा."

"परवा काय, पप्पा? विमान आज रात्री आहे."

"बाराला हाय. तूच तर तिकीट काढलंस."

"हो ना. आज अकरा. रात्री बारा वाजले की बारा तारीख लागली. त्यानंतर पाऊण तासानं विमान."

"ती रात्र अकराचीच धरायची. सकाळी सातपर्यंत."

दीपमाला स्क्रीनच्या जवळ आली. मग दीपमालानं हळूच विचारलं, "कुणी धरायची, पप्पा?"

बिरूनं तोंड उघडलं. 'कंपनीत' हा शब्द ओठापर्यंत आला आणि तिथंच थांबला. पोत्यावर बसलेल्या बिरूचा गुडघा, जो झोपेतसुद्धा हलायचा, तो थांबला होता.

सरुबाई म्हणाली, "आरं, मंग आज जायाचं का न्हाई?"

यानंतरचा अर्धा तास कुणाला धड आठवत नाही. अनितानं काट्याकडं न बघता सगळं बॅगेत कोंबलं आणि वर गुडघा देऊन चेन ओढली. एकच गोष्ट तिनं बाहेर ठेवली, खारकेची पूड, आणि तीही सरुबाईच्या हातात दिली, "पुरणात घाला." बिरूनं सुजितला फोन लावला. सुजित माणमध्ये होता.

"काका, तुमचं उद्या होतं ना?"

"उद्या आजच हाय. येतोस का सांग."

"टेन्शन नका घेऊ," सुजित म्हणाला, पण या वेळी त्याच्याच आवाजात टेन्शन होतं. "सहाचं ड्रॉप मी दुसऱ्याला देतो. तुम्ही रहाटणीत थांबू नका, मी आत आलो तर अडकलो. तुम्ही वाकडला पुलाखाली या."

सरुबाईचा कांद्याचा छोटा हत्ती टेम्पो दाराशी उभा होता. पुढं ड्रायव्हर आणि अनिता, मागं कांद्याच्या गोण्यांवर बॅग धरून बिरू. काळेवाडी फाट्यावर सिग्नल, डांगे चौकात गर्दी. बिरू गोण्यांवरून उतरायचा, पुढं जाऊन दोन दुचाकी बाजूला करायचा, हात वर करून टेम्पो पुढं घ्यायचा आणि पुन्हा चढायचा. एक जण म्हणाला, "ओ काका, तुम्ही कोण, ट्रॅफिकवाले?" बिरू म्हणाला, "व्हय," आणि त्याचीही गाडी बाजूला घेतली.

पुलाखाली मात्र सुजितचा पत्ता नव्हता. तो फोनवर दर पाच मिनिटांनी एकच सांगायचा, "निघालो काका, शिवाजी चौकात आहे." वीस मिनिटांनी, "शिवाजी चौकच." साडेसहा हजार किलोमीटर नऊ तासांत जाणारं विमान तिकडं तयार होत होतं, आणि इकडं माणहून वाकडपर्यंतचा रस्ता तासाभरात संपत नव्हता. ज्योतीरामचं म्हणणं बिरूला तिथं उभ्या उभ्या पटलं.

मग त्याला आठवलं की आज रात्री अकराला त्याची शिफ्ट आहे. रजा उद्याची. त्यानं ज्योतीरामला फोन केला.

"ज्योतीराम, आज माझ्या जागी उभा राहतोस का?"

"तिसरीला?" ज्योतीराम ओरडलाच. "राव, लग्न झाल्यापासून मी तिसरी केलेली नाही. तुझ्यामुळंच. काय झालं काय?"

बिरूनं सांगितलं. पलीकडून आधी एक शिवी आली, मग हसू, मग, "जा भावा. मी उभा राहतो. पण उद्याची रजा काढलीस ती सोडायची, उद्या तू यायचं."

"उद्या म्हणजे बारा," बिरू म्हणाला.

"आता तू तारीख बोलूच नको."

सुजित आला तेव्हा पावणेसात झाले होते. गाडीत बॅग, पुढं बिरू, मागं घोंगडं पांघरलेली अनिता. गाडी एक्स्प्रेसवेला लागली. बिरूचा गुडघा पुन्हा सुरू झाला होता आणि प्रत्येक वेळी समोरच्या कप्प्याला लागत होता. कप्पा उघडायचा. सुजित बंद करायचा. अनिता रागावली असती तर बिरूला सोपं गेलं असतं. ती खिडकीबाहेर बघत होती.

घाटात ट्रकांची रांग लागली. पुढच्या ट्रकचे लाल दिवे हलेनात.

"त्या रविवारी," अनिता अचानक म्हणाली, "तुम्ही तिला शाळेच्या फाटकाशी सोडून आलात, तेव्हा ती रडली नव्हती. वॉचमननं विचारलं तर म्हणाली, पप्पांना कळलं की येतील."

"आलो होतो की परत," बिरू म्हणाला.

"आलात. शाळा बंद होती, म्हणून भागलं. विमान चालू असतंय."

बिरूनं मान हलवली. चौदा तारखेला पोरगी तिकडं दवाखान्यात, आणि आई जवळ नाही. हे विमान गेलं तर दुसरं कधी मिळेल, कुणास ठाऊक. त्यानं गाडीचं दार उघडलं. सुजितनं त्याचा दंड धरला. "काका, एक्स्प्रेसवे आहे. इथं उतरून तुम्ही कुणाला बाजूला करणार?"

रांग सरकली. खोपोली गेलं, पनवेल गेलं, वाशीचा पूल आला. विमानतळाच्या दाराशी पोचले तेव्हा अजून वेळ होता, पण ऊतू जाईल इतका नव्हता. दारावरच्या जवानानं तिकीट पाहिलं, पासपोर्ट पाहिला, मग अनिताकडं पाहिलं. मे महिना, मुंबईचा घाम, आणि या बाईच्या खांद्यावर काळं घोंगडं, त्याला कांद्याचा वास.

"ये क्या है?"

"शाल है," अनिता म्हणाली.

बिरूला आत सोडलं नाही. त्याच्याकडं तिकीट नव्हतं. तो म्हणाला, "अगं, आत गेल्यावर कुणालाही विचार, लाजू नको. ते पट्ट्यावर बॅग ठेवायला सांगतील..." त्यानं स्वतः पट्टा कधी पाहिला नव्हता.

"कळतंय मला," अनिता म्हणाली. तिनं बॅगेची गाडी ढकलली, दोन पावलं गेली, वळली. "झोपा आता. म्हणजे, तुमची जेव्हा रात्र होईल तेव्हा." आणि ती गेली. काचेआड ते घोंगडं बराच वेळ दिसत राहिलं, रांगेत, मग डावीकडं, मग दिसेनासं झालं. आत गेलेल्या पहिल्याच मराठी कुटुंबाच्या मागं ती ठेच न लागता चालत होती, हे बिरूला पुढं दोन दिवसांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली माणसं डबे घेऊन जिने उतरली तेव्हा बिरू पायरीवर बसला होता. कुणी म्हणालं, "गुड मॉर्निंग." बिरूचे डोळे शेजारी बसलेल्या सुजितच्या हाताकडं होते. सुजितच्या फोनवर एक चिमुकलं विमान एका रेघेवर चिकटलेलं होतं.

"हलेना की रं," बिरू म्हणाला.

"काका, नऊशेच्या स्पीडनं चाललंय."

"मग दिसत का न्हाई?"

"काळ्या समुद्रावर आहे. टेन्शन नका घेऊ."

समुद्र म्हटल्यावर बिरूनं आणखीच घेतलं. अकराच्या सुमाराला अनिताचा फोन आला तेव्हा त्यानं आधी "कुठं?" विचारलं आणि मग "पोचलीस का?"

"पोचले. अजिंक्य आलाय. इकडं आत्ता सकाळ आहे, साडेतीन तास मागं. नाश्त्याला काय करू विचारतोय मला. जावई."

त्या दिवशी बिरूला झोप लागली नाही. घरात कुणी नव्हतं, खिडकीला चादर होती, सगळं जागच्या जागी होतं. तो उठला, सरुबाईकडं जाऊन पुरणपोळी खाल्ली, परत आडवा झाला, पुन्हा उठला. रात्री कंपनीची बस आली तेव्हा त्याला बरं वाटलं. शब्द दिला होता, रजा सोडली होती. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, बारा मे, तिसरी शिफ्ट. आत फोन नेता येत नाही. तो लॉकरमध्ये ठेवला आणि बिरू प्रेससमोर उभा राहिला. ठॅक. ठॅक. रात्रभर एकेक दरवाजा निघत राहिला.

सकाळी सातला लॉकर उघडला तर फोनवर दीपमालाच्या घरचे नऊ कॉल. बिरूनं तिथंच बाकावर बसून अनिताचा निरोप ऐकला. तिचा आवाज दमलेला होता. "अहो, काल संध्याकाळीच कळा सुरू झाल्या. चौदापर्यंत कुठलं थांबतंय. मी होते सोबत. मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत. घोंगड्याला नर्सबाई नको म्हणत होती, मग म्हणाली, पायथ्याशी ठेवा. पायथ्याशी ठेवलंय. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी झाली."

बिरूनं तो निरोप तीनदा ऐकला. त्याच्या तारखेप्रमाणे गेले असते, तर काल रात्री ते दोघं बॅग घेऊन त्या काचेसमोर उभे असते आणि जवानानं सांगितलं असतं, हे विमान कालच गेलं.

टपरीवर ज्योतीराम पहिल्या शिफ्टला आला होता. एका तिसऱ्या शिफ्टनं त्याचे डोळे अजून सुजलेले होते. बातमी ऐकून त्यानं बिरूच्या पाठीत थाप घातली. "आजोबा झालास राव. तेरा मे, लक्षात राहील अशी तारीख हाय."

"बारा," बिरू म्हणाला.

"आरं, तुझ्या बायकोनं सांगितलेल्या वेळेत साडेतीन तास मिळव. आपल्याकडं पहाटेचे तीन वाजायला आले होते. तेरा लागली होती."

"तिकडं रात्रीचे अकरा-वीस. तिकडं बारा. आणि आपल्या फळ्यावर काय लिवलंय, बघून ये जा." बिरूनं चहाचा घोट घेतला. "जर्मनीत बारा, कंपनीत बारा. तेरा फक्त तुझ्याकडं हाय."

ज्योतीराम बराच वेळ बोटं मोजत बसला आणि मग मोजायचं सोडून त्यानं वडापाव सांगितला.

बिरूनं अनिताला फोन लावला. ती दवाखान्यातच जागी होती, कुजबुजत बोलत होती. त्यानं आधी तारखेचं सांगितलं, अगदी सविस्तर, फळ्यासकट. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "बारा तर बारा. पण बारशाची तारीख मी काढणार. तुम्ही मध्ये पडायचं नाही."

"बारापासूनच मोज म्हणजे झालं."

"मी मोजते. तुमची शिफ्ट सुटली ना? जेवा आणि झोपा."

"दिसते कुणासारखी?"

"झोपलीय. पण उजवा पाय सारखा झाडतेय."

टपरीच्या बाकड्यावर बिरूचा गुडघा चांगलाच जोरात सुरू झाला होता. ज्योतीरामनं आपला चहाचा ग्लास बाकड्यावरून उचलला आणि हातात धरला.